सहादूची शिकवणी

पंचवटीच्या मार्केट यार्डात सहादूचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. सकाळी भाजीच्या गाड्या लागल्या, की कोबीची पोती आणि टोमॅटोच्या जाळ्या उतरवायला हमालांची झुंबड उडायची. सहादू अंगानं काही फार दांडगा नव्हता. पण पाठीवर पोतं घेऊन निघताना त्यानं "ए, सरक बाजूला!" अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या शेडमधला माणूससुद्धा दचकून पाय मागं घ्यायचा. घरी आला तरी तो आवाज खाली येत नसे. पाणी मागितलं तरी चार घरांना कळायचं. त्याची बायको भिमाबाई म्हणायची, "आवो, मी इथंच हाय, चुलीपाशी. यार्डात नाय."

तो मूळचा कळवणकडचा. गावच्या शाळेत एकच गुरुजी, आणि त्यांच्या टेबलावर निरगुडीचा ओला फोक कायम तयार. पाढा चुकला की तळहात पुढं करायचा. सहादूचे हात सुजायचे, आई खोबरेल चोळायची, आणि दुसऱ्या दिवशी पाढा बरोबर यायचा. चौथीत असताना बाप साप चावून गेला. आईनं पोरांना घेऊन नाशिक गाठलं आणि सहादूची शाळा तिथंच संपली. पण विसापर्यंतचे पाढे डोक्यात बसले ते बसलेच. कुणी विचारलं तर तो सांगायचा, "गुरुजींनी हाणलं म्हणून आलं. लाडात काय डोक्यात जात नाय." हे त्याला इतकं मनापासून खरं वाटायचं, की त्यावर पुन्हा विचार करावा असं कधी सुचलंच नाही.

त्याला दोन मुलं. थोरला आयुष आणि त्याच्यामागून दीड-दोन वर्षांनी झालेली पिंकी. आयुष पाळण्यात होता तेव्हापासूनच त्याचा उजवा कान वाहायचा. पावसाळा लागला की उशीवर पिवळा डाग दिसायचा आणि पोराच्या अंगाला एक कुबट वास यायचा. भिमाबाई तेलात लसणाची पाकळी कढवून कोमट थेंब सोडायची, वर कापसाचा बोळा. उन्हाळ्यात कान सुकायचा. वस्तीत घरटी एखाद्या पोराचा कान असा वाहतच असे, त्यामुळं शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, "मोठा झाला की आपोआप जाईल." भिमाबाईलाही ते पटायचं, कारण पटवून घेण्याखेरीज तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. सकाळी ती चार घरची धुणीभांडी करायची. दवाखान्याच्या रांगेत अख्खा दिवस घालवला, तर त्यातलं एखादं घर सुटायचं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये आयुष जवळच्या सरकारी शाळेत पहिलीला बसला. वर्गशिक्षिका देवरे बाई. सटाण्याकडच्या, बोलायला मऊ, आवाज बारीक. वर्गात पोरं खच्चून भरलेली, वर पत्रा, खिडकीबाहेर रिक्षांचा गोंगाट. आयुष उंच होता म्हणून बाईंनी त्याला मागं बसवलं, म्हणजे पुढच्या पोरांना फळा दिसेल. फळ्यावरचं तो असं सुबक उतरवायचा, की बाईंनी त्याची पाटी वर्गभर फिरवली. पण श्रुतलेखन आलं की सगळं बिघडायचं. बाई म्हणायच्या "गाडी", हा लिहायचा "वाडी". तोंडी काही विचारलं तर उभा राहून नुसता बाईंच्या तोंडाकडं बघत राहायचा. पोरं हसायची. थोड्याच दिवसांत त्याचं नाव ठोंब्या पडलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी सहादूला बोलावून घेतलं. "हुशार आहे हो तुमचा मुलगा. अक्षर बघा कसं आहे. पण वर्गात लक्ष म्हणून नसतं. हाक मारली तरी ओ देत नाही. घरी जरा घेत चला त्याचं."

सहादूला 'हुशार' हा शब्द ऐकून बरं वाटलं आणि 'लक्ष नसतं' हे ऐकून टाळकं तापलं. त्याच संध्याकाळी त्यानं शिकवणी सुरू केली.

घर म्हणजे एक खोली. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला पेटी, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. दिवा लागला की सहादू फोटोखाली मांडी घालून बसायचा आणि पोराला समोर बसवायचा. तो एक ओळ म्हणणार, मग पोरानं ती म्हणायची. बे एके बे, बे दुणे चार. पहिले काही दिवस बरे गेले. सहादूचा आवाज दणदणीत, त्यामुळं पोराला पाढे पाठ होऊ लागले. सहादू खूश झाला. मग एके दिवशी तो मध्येच थांबला, तरी आयुषचे ओठ हलतच राहिले. त्याच्या तोंडातून आवाज नव्हता. तो बापाच्या ओठांकडं बघून नुसते आपले ओठ हलवत होता.

"लबाडी करतो व्हय रं?" सहादूनं खाडकन एक ठेवून दिली.

आयुष रडला, आणि रडतरडतच त्यानं पुढची ओळ बरोबर म्हटली. कारण या वेळी सहादू त्याच्यावर वाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडला होता. सहादूला मात्र त्याच्या गुरुजींची खूण पटली. हाणलं की येतं. ओरडलं की ऐकतं. म्हणजे ऐकू येतं, फक्त ऐकायचं नसतं.

मग हे रोजचंच झालं. भिमाबाई चुलीपासून म्हणायची, "पुरे आता, पोरगं घाबरलंय." सहादू म्हणायचा, "घाबरू दे. मोठेपणी पोती वाहील ना, तवा तू रडशील." एकदा ती मध्ये पडली तेव्हा तिलाही हात बसला. त्यानंतर ती शिकवणीच्या वेळी पिंकीला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागली.

पोरगंही शिकत होतं. बापाच्या भुवया आखडल्या की उत्तर चुकलं, आणि ओठांचे कोपरे सैल झाले की बरोबर, हे त्याला पाढ्यांच्या आधी समजलं. उत्तर येत नसलं तर तो दोन-तीन आकडे हळूहळू म्हणून बघायचा आणि बापाचा चेहरा कुठल्या आकड्याला सैल होतो ते पाहायचा. बसताना मान किंचित वळवून डावा गाल पुढं करायचा. सहादूला वाटायचं, पोरगं आपली नजर चुकवतंय. त्यामुळं उजव्या हाताची चापट नेमकी त्या पुढं केलेल्या बाजूवर बसायची.

अशी दोन वर्षं गेली. आयुष तिसरीत गेला, पुन्हा देवरे बाईंच्याच वर्गात, पुन्हा शेवटच्या बाकावर. जुलै महिना होता. त्या दिवशी यार्डात एका व्यापाऱ्यानं टोमॅटोची जाळी हातून पडली म्हणून सहादूला सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली होती. तो घरी आला तो धुमसतच. सातचा पाढा चालू होता.

"सात साते?"

"पन्नास."

"सात साते किती?"

"पन्नास," आयुष म्हणाला. एकोणपन्नासमधलं 'एकोण' त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. तो आपला बापाच्या चेहऱ्याकडं बघत होता आणि आज त्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नव्हतं.

सहादूनं सगळी ताकद लावून मारली. पोतं उचलणारा हात. पोरगं पेटीवर जाऊन आदळलं आणि डावा कान धरून आडवं झालं. ते ओरडलंसुद्धा नाही.

सकाळी उशीवर रक्त होतं. भिमाबाईनं हाक मारली, हलवलं, तेव्हा आयुष उठून बसला. ती बोलत होती आणि तो तिच्याकडं असा बघत होता, की जणू ती ओढ्याच्या पलीकडून बोलतेय. त्या दिवशी कामावर कुणीच गेलं नाही. दोघंही पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

कानाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन्ही कानांत दिवा लावून पाहिलं, मग पोराच्या पाठीमागं उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ, तुझं नाव काय?" आयुष समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. डॉक्टरांनी थोडं मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. शेवटी टाळी वाजवली. पोरानं मान वळवली नाही.

"किती दिवसांपासून ऐकू येत नाही याला?"

"येतं की," सहादू म्हणाला. "ओरडलं की ऐकतो."

डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिले. "उजवा कान जुनाच खराब आहे. लहानपणापासून वाहत असणार. पडदा जवळजवळ राहिलेलाच नाही. आत्तापर्यंत पोरगं ढकलत होतं ते डाव्या कानावर, तोही काही धड नसणार. आता त्याचाही पडदा फाटलाय, आणि मार आतपर्यंत बसल्यासारखा वाटतोय. कुणी मारलं याला?"

भिमाबाईनं पदर तोंडाशी धरला. पोलीस, चौकी, लोकांचं बोलणं, सगळं एकदम सहादूच्या डोळ्यांपुढून गेलं.

"शाळेत," तो म्हणाला. "शाळेत बाईंनी मारलं."

डॉक्टरांनी तसं केसपेपरवर लिहून घेतलं. रस्ताभर भिमाबाई त्याच्यापुढं चार पावलं चालत राहिली.

ही गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. वस्तीतला पुंजा म्हणजे सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा माणूस. रेशनचं काम असो, पोलिसांचं असो, पुंजाला हाक मारायची. लहानपणी गावच्या शाळेत त्याला पाण्याच्या माठाजवळ जाऊ दिलं नव्हतं, ते तो विसरला नव्हता. तो तडक सहादूच्या दारात आला. "आपली पोरं म्हणजे काय वाऱ्यावर पडलीत? बाईनं कान फोडला आन आपण गप बसायचं? उद्या सकाळी सगळे शाळेत चला."

सहादू म्हणाला, "जाऊ दे रं पुंजा. वाढवू नको."

"तू भितोस म्हणून तर यांचं फावतं," पुंजा म्हणाला.

आता मागं फिरायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी सहादूनं आयुषला फोटोखाली समोर बसवलं. पोरानं सवयीनं डावा गाल पुढं केला. त्या कानात आता औषधाचा बोळा होता. सहादूनं त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडं वळवला आणि ओठ सावकाश हलवत म्हणाला, "कोणी इचारलं, कोणी मारलं, तर काय सांगायचं? बाईंनी मारलं. म्हण."

"बाईंनी मारलं," आयुष म्हणाला.

"पुन्हा."

"बाईंनी मारलं."

पहिल्याच झटक्यात आलं. सहादूच्या ओठांचे कोपरे आपोआप सैल झाले आणि ते बघून पोरगं हसलं. भिमाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आज हे शिकवलं व्हय तुम्ही त्याला?" आणि आत निघून गेली. ती शाळेत आली नाही.

हेडमास्तरांच्या खोलीत वस्तीतली माणसं मावत नव्हती, काही व्हरांड्यात उभी होती. देवरे बाई टेबलाशेजारी उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "मी कधी कुणावर हात उगारलेला नाही," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या आणि त्यांचा बारीक आवाज त्या गर्दीत कुणाला ऐकू जात नव्हता.

"पोरालाच विचारा ना," पुंजा म्हणाला. तो आयुषसमोर वाकला. "बाळा, कोणी मारलं तुला?"

आयुषनं पुंजाचे ओठ पाहिले. मग बापाकडं पाहिलं.

"बाईंनी मारलं."

खोलीत गलका झाला. बाई खाली बसल्या, पोराच्या अगदी समोर. "आयुष, अरे, मी? माझ्याकडं बघ. मी मारलं तुला?"

"बाईंनी मारलं," आयुष म्हणाला. अडखळला नाही, चुकला नाही. पाढा म्हणताना लागायचा तोच सूर. आणि म्हणून झाल्यावर त्यानं पुन्हा बापाकडं पाहिलं, आपलं बरोबर आलं का ते बघायला.

सहादूला ती नजर सोसली नाही. दोन वर्षं तो पोराला जे शिकवत होता ते पोराला नीट आलं होतं. त्यानं टेबलाची कड धरली.

"मी मारलं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका लहान निघाला, की पुंजा म्हणाला, "काय?"

"मी मारलं. घरी. बाईंचा काय दोष नाय. मीच त्याला तसं बोलायला शिकवलं."

मग एकेक जण व्हरांड्यातून काढता पाय घेऊ लागला. बाई उठल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कोरडा होता. "दोन वर्षं मी त्याला मागं बसवला. त्याला ऐकू येत नाही हे मला कळायला हवं होतं. त्याचं मी माझं बघून घेईन. पण तुम्ही आज जे केलंत ना... जा तुम्ही इथून."

फाटकाबाहेर पुंजा थांबला होता. तो मारील असं सहादूला वाटलं. मारलं असतं तर बरंही वाटलं असतं. पण पुंजा नुसता म्हणाला, "उद्या खरंच कुणी आपल्या पोराला हात लावला, तर मी कोणत्या तोंडानं जाऊ रं तिथं?" आणि पाठ फिरवून चालू लागला. त्यानंतर पुंजा त्याच्या दारात कधी आला नाही.

घरी आल्यावर सहादू ओट्यावर बसून राहिला. पिंकी शेजारी खेळत होती. त्यानं तिला विचारलं, "दादाला ऐकू येत नाय, हे तुला ठाऊक होतं?"

"हो," ती म्हणाली. "त्याच्या पुढं जाऊन बोलायचं असतं. आन हात लावून हाक मारायची."

"मग सांगितलं का नाय?"

पिंकीला हा प्रश्नच कळला नाही. "तुम्हाला म्हाईत नव्हतं?" तिनं विचारलं.

औषधानं कानांचं वाहणं थांबलं. ऐकणं परत आलं नाही. डाव्या कानाचं ऑपरेशन करून पाहू, असं मोठ्या डॉक्टरांनी म्हटलं, तारखा दिल्या आणि शेवटी सांगितलं, की आतली नसच गेली असेल तर उपयोग नाही. एका शिबिरात कानामागं लावायचं यंत्र मिळालं. ते शिट्टी मारायचं, वर्गातली पोरं ते ओढायची. आयुषनं ते एका पावसाळ्यात काढून पेटीत टाकलं. देवरे बाईंनी त्या वर्षी त्याला पहिल्या बाकावर आणलं, त्याच्याकडं तोंड करून शिकवलं, आणि वर्ष संपताच बदली मागून घेऊन सटाण्याकडं निघून गेल्या. पुढच्या शिक्षकांना तेवढी सवड नव्हती. सातवीनंतर आयुष शाळेत गेला नाही.

सहादूनं पुन्हा कुणाला शिकवलं नाही. पिंकी पाढे म्हणून दाखवायला आली, तर तो उठून बाहेर जायचा. एकदा तिनं हट्टच धरला, "पप्पा, ऐका ना, बारापर्यंत येतात मला." तेव्हा तो बसला, पण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ती सातला आली तशी तो म्हणाला, "बास, येतं तुला." यार्डात त्याची आरोळी बंद झाली. पोतं घेऊन निघाला की तो नुसता "सरका, सरका" पुटपुटायचा, कुणाला कळायचं नाही, आणि माणसं त्याच्या अंगावर यायची. सोबतचे हमाल चेष्टा करायचे. त्याचा तो काही खुलासा करत नसे.

भिमाबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. आयुषला मात्र तिनं स्वतःपाशी ओढून घेतलं. माय-लेकाची आणि पिंकीची एक वेगळीच भाषा झाली. थोडे हात, थोडे डोळे, थोडे बिनआवाजाचे शब्द. जेवताना तिघं त्या भाषेत काहीतरी म्हणायची आणि हसायची. सहादू ताटात बघत राहायचा. ही भाषा त्याला कुणी शिकवली नाही आणि मागायला त्याला तोंड नव्हतं.

दोन हजार दहाच्या सुमाराला सहादूच्या पाठीच्या मणक्यानं दगा दिला आणि यार्ड सुटलं. तोवर आयुष अंबडच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर लागला होता. तिथल्या खडखडाटानं इतर कामगारांची डोकी उठायची, याला त्याचं काही नव्हतं. पिंकी बारावीला होती. आयुष उंचापुरा झाला होता, आईच्या चेहऱ्याचा. बापावर तो कधी उलटला नाही. उलट एक शब्द बोलला नाही. फक्त सहादूनं बोलायला तोंड उघडलं, की तो शांतपणे मान दुसरीकडं वळवायचा. डोळ्यांनी ऐकणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

एका संध्याकाळी सहादूनं ठरवलं, आज सांगायचंच. आयुष कामावरून येऊन ओट्यावर बूट काढत होता. सहादू भिंत धरत धरत बाहेर आला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. मणक्यातून कळ गेली. त्यानं पोराच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. आयुषनं वर पाहिलं.

"आयुष," सहादू म्हणाला. ओठ सावकाश हलवत, जसं पिंकी बोलायची तसं. "माझं चुकलं रं, बाळा."

आयुषनं त्याचे ओठ पाहिले. त्याला कळलं, यात शंका नाही. त्याला सगळ्यांचं कळायचं. काही वेळ तो बापाच्या चेहऱ्याकडं तसाच बघत राहिला. मग त्यानं बूट उचलले, सहादूचा हात गुडघ्यावरून काढून त्याच्याच मांडीवर ठेवला आणि आत गेला.

आतून भिमाबाईनं ताटं मांडल्याचा आवाज आला. सहादूला एकट्यानं उठता येत नव्हतं. आत तिघांचं जेवण सुरू झालं होतं. थोड्या वेळानं पिंकी बाहेर आली, त्याच्या काखेत हात घालून तिनं त्याला उठवलं, आणि म्हणाली, "चला पप्पा, भाकर निवतेय."